ओढ्यापलीकडचं पिल्लू

माणसाने रानात अजून वाट पाडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याच्या दोन काठांवरच्या वानरांच्या टोळ्या उंबरांवरून इतक्या भांडल्या, की पिल्लंसुद्धा वाचेनात. वानरींची रीत अशी, की तान्हं पिल्लू साऱ्याजणींनी मांडीवर घ्यायचं. जिने घेतलं ती परकी उरत नाही. म्हणून अलीकडच्या टोळीतली भुरी भर मारामारीतून पलीकडे गेली आणि पिल्लू गमावलेल्या सावळीच्या मांडीवर तिने आपलं तान्हं ठेवलं. सगळ्यांचे हात जागीच थांबले.

तहाला मात्र खडकावर दोन्हीकडचे हुप्पेच, टोळ्यांचे म्होरके नर, बसले. भुरीही पुढे सरकली, तसा तिचा हुप्प्या म्हणाला, "तुझं काम झालं, बाई. आता आमच्यावर सोड."

तह ठरला: यापुढे कुणीही ओढा ओलांडायचा नाही.

"अहो, माझं पिल्लू पलीकडे आहे!" भुरी ओरडली.

हुप्प्याने डोकं खाजवलं. "पिल्लांचा विषय निघालाच नाही गं. आता ठरलं ते ठरलं."

भुरी पाण्याकडे धावली. पलीकडून रडतं पिल्लू घेऊन सावळीही धावत आली. तेव्हा कालपर्यंत एकमेकांचे लचके तोडणारे वानर पहिल्यांदाच खांद्याला खांदा लावून ओढ्यात उभे राहिले, त्या दोघींना अडवायला.