हत्तीण घाट चढली

फार फार वर्षांपूर्वी, रानात माणसांपेक्षा हत्तीच जास्त दिसायचे, त्या काळातली ही गोष्ट. जरा सरसावून बसा, कारण ती सांगताना मलाच धीर निघत नाही!

एका डोंगराळ रानात हत्तींचा कळप राहत होता. करवंदं पिकली की सगळा कळप घाट ओलांडून पलीकडच्या नदीवर जायचा. कळपातली पिल्लं तिथेच जन्मायची, आणि नव्या पिल्लाच्या कपाळावर पहिली सोंड ठेवायचा मान त्याच्या आजीचा असायचा.

त्या वर्षी एका थोराड हत्तिणीची लेक पहिलटकरीण होती. आजी होणार म्हणून हत्तिणीने रान डोक्यावर घेतलं होतं. पण पायांचं काय? कित्येक वर्षांच्या संधिवाताने तिचे गुडघे सुजलेले. सकाळी ती अशी कण्हत उठायची की झाडावरची माकडंसुद्धा जागी व्हायची.

रानातल्या वैद्याने, म्हणजे म्हाताऱ्या अस्वलाने, तिचे पाय तपासले. तो म्हणाला, "आजीबाई, हे दुखणं पुरतं जायचं नाही. पण पाय हलते ठेवा, अगदी बेताबेताने."

लेकीने त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं आणि ती रडायलाच लागली. "आई, तू आता जागची हलू नकोस. चारा मी आणते, पाणी मी आणते." झालं! मायेने आणलेला चारा खात हत्तीण एका जागी राहिली आणि गुडघे आणखीच आखडले. शेवटी कळपाने ठरवलं, यंदा हिला मागेच ठेवायचं.

हत्तिणीला फार वाईट वाटलं. पाय ओढत ती डोहाकाठी गेली आणि एकटीच रडू लागली. डोहात एक रानम्हैस गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती.

"अगं, रडतेस काय? आत ये," म्हैस म्हणाली. "माझेही सांधे असेच धरतात. पाण्यात अंगाचा भार पायांवर येत नाही. जरा चालून तर बघ!"

हत्तीण घाबरत घाबरत पाण्यात उतरली. आणि काय सांगू! तो अवाढव्य देह एकदम हलका झाला. तिने एक पाय उचलला, मग दुसरा. "अगं बाई, चालतेय की मी!" ती ओरडली आणि तिने आनंदाने सोंडेतलं पाणी इतकं उंच उडवलं, की काठावरचे बगळे चरफडत उडून गेले.

मग ती रोज डोहात चालू लागली. पुढे काठावरच्या मऊ वाळूतही चालू लागली. दमायच्या आधीच थांबायची. पाय फारच ठणकले, तर सावलीत उभी राहून एकेक पाय नुसता हलवायची.

आणि एका सकाळी काहीच दुखेना! हत्तीण हुरळली आणि तडक टेकडी चढून गेली. ते चांगलंच अंगाशी आलं. दुसऱ्या दिवशी तिला उठताच येईना.

"संपलं सगळं," ती म्हशीला म्हणाली.

"संपलं कसं? जरा जास्त झालं, एवढंच. आज पाय नुसते हलव. उद्याचं उद्या बघू."

हत्तीण ओशाळली, पण तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

करवंदं पिकली. कळप निघाला. "आई, तू राहा गं," लेक कळवळून म्हणाली.

"मी येणार!" हत्तीण म्हणाली. "वाटेत मी थांबेन, तेव्हा तुम्हीही थांबा. मला ढकलू नका आणि उचलूही नका."

आणि निघाली की ती! सावली दिसली की थांबायची, पाय मोकळे करायची, पुन्हा चढायची. तरणे हत्ती चुळबुळत होते, पण थांबत होते. शेवटी घाटमाथा आला, पलीकडची नदी दिसली, आणि सगळा कळप एकदम चीत्कारला!

नदीकाठीच पिल्लू जन्मलं. लटपटत उभं राहिलं. हत्तिणीने त्याच्या कपाळावर सोंड ठेवली आणि तिचे डोळे भरून आले.

लेकीने हळूच विचारलं, "आई, दुखायचं थांबलं का गं?"

"छे गं! दुखणं आलंय की माझ्याबरोबर," हत्तीण हसली. "पण मी आले ना!"

तेव्हा लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: दुखणं सोबतीला राहिलं तरी झेपेल तेवढी हालचाल रोज करणाऱ्याचं जगणं थांबत नाही.