येऊ घातलेले सर

मंगळवार, सकाळचे अकरा. पिंपळदरीच्या जिल्हा परिषद शाळेतला दहावीचा वर्ग. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली आणि इंग्रजीला आठवीपासून शिक्षकच नाही. तरी रोज एक अवघड इंग्रजी शब्द अर्थासह फळ्यावर लिहायचा, असा वरचा हुकूम होता. तो मुलंच पाळत होती.

या योजनेचे जनक, शिक्षणाधिकारी धारवाडकर, त्या दिवशी तपासणीला आले. बातमीसाठी मी मागच्या बाकावर बसलो होतो.

"शब्द घोकून येत नाही," साहेब म्हणाले. "रोजच्या जगण्यात वापरला की येतो. आजचा शब्द 'इमिनंट', म्हणजे लवकरच येऊ घातलेलं. वाक्य कोण करतं?"

हेमलता पेंदोर उठली. अडखळत, पण इंग्रजीतच तिनं सांगितलं, "आमचे इंग्रजीचे सर येऊ घातलेले आहेत, असं साहेब दरवर्षी सांगतात."

वर्ग फिस्सकन हसला. साहेब लालबुंद झाले.

"आगाऊ कार्टी! हे वाक्य तुला शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही जी. शिकवणारं कोणी असतं, तर दुसरं वाक्य केलं असतं."

बातमी छापून आली, लोकांनी वाहवा केली. साहेबांनी अहवालात लिहिलं: मुलांचं इंग्रजी उत्तम, शिक्षकाची गरज नाही. पदच रद्द झालं.

पुढे निकाल लागला. हेमलतासकट अख्खा वर्ग इंग्रजीत नापास. जो विषय कोणी शिकवलाच नाही, त्यात ही मुलं नापास कोणामुळे झाली, हे शिक्षण विभागानं अजून सांगितलेलं नाही.