तीमथ्याचं रिकामं पातेलं

"मग मला एवढंच सांगा, बाबा. देणारा मी. सगळ्यांत जास्त देणारा मी. आणि नाताळच्या दिवशी तोंड पाडून बसणाराही मीच... हा कुठला न्याय?"

तीमथ्य उजागरे चर्चच्या मागच्या अंगणात उभा राहून विचारत होता. बसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

समोर सातदिवेबाबा बाज विणत होते. बाबा म्हणजे वस्तीचे जुने पाळक. निवृत्त झाले होते, पण लग्न असो, मयत असो, भावाभावांचं भांडण असो, लोकांना अजून तेच लागत. तीमथ्याला मांडीवर घेऊन बाप्तिस्मा दिला तो त्यांनीच, आणि बाराखडीबरोबर वचनं पाठ करून घेतली तीही त्यांनीच.

बाबांनी काथ्या बाजूला ठेवला, टोपलीतला एक पेरू उचलला आणि पुढं केला.

"बस आधी. खा हा. झाडाचा आहे."

"राहू द्या, बाबा. तुम्ही कशाला उगाच! उद्या मीच करंडीभर पाठवतो."

बाबांनी पेरू परत ठेवला नाही. हात तसाच पुढं धरून म्हणाले, "सांग. काय झालं?"

झालं होतं ते असं.

तीमथ्याचा मंडपाचा धंदा. देवाच्या दयेनं उत्तम चाललेला. चर्चमधले पंखे त्याचे, घंटा त्याची, गाण्याची पेटी त्याची. बरं, दिलं म्हणून गवगवा नाही, पाटी नाही, फोटो नाही. माणूस दिलदार, हे त्याचा वैरीही कबूल करील. फक्त एक होतं. तो कुणाचं घ्यायचा नाही. कणभरही नाही. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली, तर दिवस मावळायच्या आत तिच्या दारात पातेलंभर बासुंदी पोचलीच म्हणून समजा. बिचारी शेजारीण पुढच्या वेळी खीर करायची तेव्हा दार लावून घ्यायची.

वस्तीत नाताळच्या दुपारी प्रीतिभोजन असतं. ज्यानं त्यानं आपल्या घरून काही आणायचं. कुणी भाकरी, कुणी भरीत, कुणी मटण, कुणी नुसता कांदा चिरून. सगळं एका पंगतीत फिरायचं. यंदा मात्र तीमथ्यानं आधीच्या रविवारी उपासना सुटताना उभं राहून सांगितलं, "कुणी काही आणायचं नाही. सगळं माझ्याकडून."

कोंडाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती बाकावरूनच ओरडली, "आन् माजा ठेचा?"

"ठेचा राहू द्या, आजी. पुलाव आहे, जिलबी आहे, बुंदी आहे."

म्हातारीनं तोंड फिरवलं.

नाताळ आला. लोक आले. मान खाली घालून जेवले, हात धुऊन गेले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही कुणी. ना गाणं, ना थट्टामस्करी. शांतवन सुतार तर आलाच नाही. भांडी आवरताना तीमथ्याची बायको सुवार्ता म्हणाली, "अहो, मयताच्या जेवणात लोक याहून जास्त हसतात."

ते वाक्य तीमथ्याला असं काही लागलं, की दुसऱ्या दिवशी तो बाबांच्या अंगणात हजर.

"काय कमी पडलं होतं, बाबा? सांगा ना. तूप कमी होतं? मान कमी दिला?" तो बाजेच्या कडेवर एकदाचा टेकला. आवाज उतरला. "खरं सांगू? मलाच आनंद होत नाही हल्ली. पूर्वी व्हायचा. देताना अंगात वारं शिरायचं. आता देतो आणि रिकामा होऊन घरी येतो. तुम्हीच शिकवलंत, द्यायचं तर हसत द्यायचं. मला हसूच येत नाही... मग माझा विश्वास तरी खरा आहे का?"

बाबांचा हात अजून पुढंच होता.

हातात पेरू. आता तो हात थरथरायला लागला होता.

"बाबा, हात खाली घ्या की!"

"तू घेशील तेव्हा."

"अहो, दुखेल..."

"दुखतोय," बाबा म्हणाले. "सगळ्या वस्तीचा दुखतोय. कधीपासून."

...

तीमथ्यानं पेरू घेतला. चोरीचा माल धरावा तसा धरून बसला.

बाबांनी खांदा चोळला आणि पुन्हा काथ्या उचलला.

"तीमथ्या, प्रभूनं विहिरीवर त्या शोमरोनी बाईला काय दिलं रे?"

हे काय, पाठ होतं. "जिवंत पाणी."

"आणि त्याआधी?"

"आधी..." तीमथ्य अडखळला. "आधी पाणी मागितलं. तिच्याकडे."

"यरुशलेमात शिरला ते शिंगरू कुणाचं?"

"मागून आणलेलं."

"शेवटचं जेवण झालं ती माडी?"

"दुसऱ्याची."

"पाच हजारांना पुरल्या त्या पाच भाकरी?"

"एका पोराच्या."

"हं." बाबांनी गाठ आवळली. "आणि तू त्याचाच शिष्य ना? मग तुला मागायची एवढी लाज कुठून आली? त्यानं तर शिकवली नाही."

तीमथ्य हातातला पेरू नुसता फिरवत राहिला.

"एक जानेवारीला उपासना झाली की जेवण तूच दे," बाबा म्हणाले. "सगळ्या वस्तीला. पण घरात चूल पेटवायची नाही. तुझं पातेलं घ्यायचं, रिकामं, आणि दारोदार जायचं. पडेल ते घ्यायचं. बदल्यात कुणाला काही द्यायचं नाही. खिशात हात गेला तर माझ्याकडे परत येऊ नको."

"मी?" तीमथ्य उठूनच उभा राहिला. "मी पातेलं घेऊन फिरू? लोक म्हणतील, उजागऱ्याचं दिवाळं वाजलं!"

"म्हणू दे की. तेवढेच हसतील."

घरी जाताना तीमथ्याला वाटत होतं, सुवार्ता काही हे होऊ देणार नाही. आपल्या नवऱ्याची अशी शोभा कुठली बायको करून घेईल? त्यानं तिला सगळं सांगितलं. सुवार्ता आधी हसली, मग हसता हसता खाली बसली, आणि मग डोळे पुसत उठून तिनं माळ्यावरचं सगळ्यांत मोठं जर्मनचं पातेलं ओढून काढलं.

"बाई गं," तीमथ्य म्हणाला, "निदान लहान तरी काढ."

"मागायचंच आहे तर लाजायचं कशाला?"

नव्या वर्षाची उपासना सकाळीच आटोपली. तीमथ्यानं पातेलं काखोटीला मारलं आणि निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, तोच पातेलं या काखेतून त्या काखेत गेलं. हजारो माणसांच्या पंगती उठवणारा हा गडी, एका म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि कडी वाजवायला धजेना.

"आजी..."

कोंडाबाईनं डोळे बारीक केले. "कोण? तीमथ्या? काय रं, काय आनलंस?"

"काही नाही आणलं." त्यानं पातेलं पुढं केलं. "आजी... ठेचा आहे का थोडा?"

म्हातारी बघतच राहिली. पातेल्यात डोकावली. त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पुन्हा पातेल्यात डोकावली.

"का? बुंदी सरली व्हय तुजी?"

"सरली, आजी."

"आरं माज्या लेकरा!" म्हातारी अशी काही उठली की गुडघे दुखायचेच विसरले. "उभा का खांबावानी? बस हितं. लसूण सोल. शिळा ठेचा देईन व्हय म्या तुला? ताजा करते. तव्यावर मिरच्या टाकते. आन् डोळं चोळू नको, सांगून ठेवते!"

मंडपवाला उजागरे उंबऱ्यावर बसून लसूण सोलू लागला. म्हातारी मिरच्या भाजत होती, ठसक्यानं खोकत होती, आणि खोकता खोकता वस्तीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "तीमथ्याला माजा ठेचा पायजे! मागाया आलाय!"

वाडगंभर ठेचा पातेल्यात आला. तीमथ्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. अर्ध्या वाटेतून त्यानं तो ओढून घेतला आणि जोडला.

"मोठे उपकार झाले, आजी."

"झालंच!" म्हातारी म्हणाली. "आता फेडू नको म्हंजे झालं."

पुढचं घर शांतवन सुताराचं. इथं तीमथ्याचे पाय जड झाले. मागं शांतवनाची बायको दवाखान्यात होती, तेव्हा सगळा खर्च तीमथ्यानं केला होता. न मागता केला होता. तेव्हापासून शांतवन त्याला पाहिलं की दुसऱ्या गल्लीनं जायचा. तीमथ्याला वाटायचं, किती हा कृतघ्न माणूस!

शांतवन दारातच रंधा मारत बसला होता. पातेलं पाहून थांबला.

"जेवण आहे आज सगळ्यांचं," तीमथ्य म्हणाला. "माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे काही असलं तर... दे."

शांतवनानं रंधा खाली ठेवला. उठला, परसात गेला. आतून मोठी फडफड ऐकू आली. बाहेर आला तो ईस्टरसाठी राखलेला तांबडा कोंबडा घेऊन. त्यानं तो तीमथ्याच्या बगलेत खुपसला.

"एवढा मोठा? अरे, सणाला ठेवलेला..."

"घे, तीमथा. नाही म्हणू नको." शांतवनाचा आवाज चिरकला. "तुला चुकवून मान खाली घालून जाऊन जाऊन माझी मान मोडली रे. आज वर करून जेवायला येतो."

तीमथ्यानं कोंबडा घट्ट धरला. इतके दिवस आपण या माणसाच्या मानेवर बसलो होतो, हे त्याला आत्ता दिसलं आणि भडभडून आलं. पण रडायला कोंबडा सवड देईना. त्यानं एक पंख सोडवून तीमथ्याच्या थोबाडीत दिला.

झालं! तिथून पुढं वस्तीत हसण्याला सुमार राहिला नाही. पुढं उजागरे, काखेत बोंबलणारा कोंबडा, डोक्यावर पातेलं, आणि मागं निम्मी वस्ती. ज्यांच्या दारात तो पोचायचा, ते आधीच काही ना काही हातात घेऊन उभे. वांगी आली, वालाच्या शेंगा आल्या, भाकरीचं पीठ आलं. ती खीरवाली शेजारीण खीर घेऊन आली आणि दम भरून गेली, "बासुंदी पाठवाल तर याद राखा!"

चर्चच्या अंगणात तीन दगड मांडून कोंबड्यासकट सगळा भाजीपाला त्याच पातेल्यात शिजला, आणि दुपार कलली तशी पंगत बसली. पातेल्यात जी काय भाजी झाली होती, तिला नाव नव्हतं. तिखट होती, थोडी करपली होती, आणि लोक ती तिसऱ्यांदा मागून घेत होते. शांतवन वाढत होता, मान वर करून, आग्रह करकरून. कोंडाबाई प्रत्येकाला ठेच्याचं बोट चाखायला लावत होती. कुणीतरी पेटी उघडली, आणि गाणी सुरू झाली ती संपेचनात. सुवार्ता नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "मयताला असं जेवण नसतं हं, अहो!"

तीमथ्य हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. विचारलं की सांगायचा, ठेचा लागला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अंगणात आला. बाज विणून झाली होती. बाबा तिच्यावर पाय सोडून बसले होते.

"बाबा, काल मी एक दाणाही दिला नाही."

"ऐकलं."

"आणि उभ्या जन्मात एवढा आनंद झाला नाही. आता वाटतंय, जे आहे ते सगळं वाटून टाकावं. हे कसं काय?"

बाबा झाडावरच्या पोपटांकडं बघत होते.

...

तीमथ्य त्यांच्याशेजारी बाजेवर बसला. न सांगता बसला. टोपलीतला एक पेरू आपल्या हातानं उचलून त्यानं खाल्ला, अगदी बियांसकट. मग तोंड पुसत म्हणाला, "बाबा, चहा आहे का?"

बाबा वळले. या पोरानं आपल्याकडं काही मागितलं, ते आज पहिल्यांदा. म्हाताऱ्याचा चेहरा फुलून आला.

"आहे की! चूल पेटवतो. तू तेवढी साखर आण. कोंडाबाईकडून, वाटीभर."

तीमथ्यानं उघड्या दारातून बाबांच्या खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. नाताळला त्यानंच पाठवलेलं साखरेचं पोतं तिथं उभं होतं. तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"बाबा, साखर... हे पोतं भरलेलं आहे की!"

"आहे ना," बाबांनी रिकामी वाटी त्याच्या हातात दिली. "पण कोंडाबाई सकाळपासून घरात नुसती बसून आहे. जा, मागून आण."