न वाजवलेली भिंत

एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिच्या हातापेक्षा तिच्या कानाचीच पंचक्रोशीत जास्त ख्याती होती. मडकं उचलायचं, बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. ठण्ण वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर कच्चं. मडकी भाजायचा आवा उघडला की ती एकूण एक मडकं वाजवून बघायची. आव्याच्या मधली मडकी चांगली भाजतात आणि कडेची कधीकधी कच्ची राहतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

गिऱ्हाइकानं मात्र मडक्याला टिचकी मारलेली तिला खपायची नाही. "मी वाजवलंय ना? मग तुला कशाला वाजवायला हवं?" असं ती फाडकन म्हणायची. गिऱ्हाईक बिचारं ओशाळून, मुकाट्यानं मडकं उचलून चालू लागायचं.

एके वर्षी गावाबाहेरच्या माळावर एका ठेकेदारानं नव्या घरांची ओळ उभी केली. पांढराशुभ्र चुना, खाली गेरूचा पट्टा, दारांवर मोरांची नक्षी. दोन दोन घरांच्या मध्ये एकच सामाईक भिंत. बघणारा बघतच राहावा अशी ती घरं होती.

गावातल्या बुरुडाची बायको तेव्हा पोटुशी होती. टोपल्या विणून विणून दोघांनी जन्माची पुंजी जमवली होती, पण घराची पारख त्यांना कुठून असणार? बुरूड कुंभारणीकडे आला.

"आक्का, आमाला बांबूतलं कळतं, भिंतीतलं न्हाई. तुमी हो म्हणा, मग आमी घर घेतो."

कुंभारणीला बरं वाटलं. तिलाही घर हवंच होतं. ती निघाली, तशी अर्धी आळी तिच्या मागं निघाली.

ठेकेदार मोठा गोडबोल्या होता. त्यानं तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि दाराजवळच्या विटांच्या भिंतीकडे हात केला. "आक्का, तुमच्या कानाची कीर्ती ऐकून आहे मी. मारा टिचकी!"

तिनं टिचकी मारली. ठण्ण!

"पक्कं भाजलंय!" ती म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या. ती आत जायला उठणार, तोच ठेकेदार हसून म्हणाला, "आता प्रत्येक भिंत वाजवणार का? सगळं घर एकाच गवंड्यानं बांधलंय, आक्का. का माझ्यावर भरवसा नाही?"

लोक हसले. नुकताच त्याचा गूळ खाल्लेला, आणि लगेच त्याच्या भिंती ठोकत हिंडायचं? तिला ते बरं दिसेना. शिवाय एका टिचकीत पारख करणारी म्हणून सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. ती खाली बसली. एक घर तिनं घेतलं, शेजारचं बुरुडानं घेतलं, आणि तिच्या शब्दावर बाकीचीही घरं हां हां म्हणता गेली.

नव्या घरात बुरुडाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. त्या सकाळी शेजारी बायकांची लगबग चालली होती. कुंभारीणही लुगडं नेसून तयार झाली. जायच्या आधी दह्याचं शिंकं टांगावं, म्हणून तिनं सामाईक भिंतीवर खुंटी धरली आणि दगडानं एक ठोका मारला.

खुंटी मुठीपर्यंत आत गेली.

तिनं खुंटी ओढली, तर भोकातून भुसा आणि मातीची भुकटी भुरुभुरु गळायला लागली. तिनं बोटाचं पेर भिंतीवर मारलं. भद्द. हातभर सरकून मारलं. भद्द. स्टुलावर चढून थेट तुळईखाली मारलं, जिथं घराची आडवी तुळई भिंतीत शिरली होती. भद्द! चुन्याचा पापुद्रा निघाला आणि आतली कच्ची वीट तिच्या नखानं उकरली गेली.

हीच तुळई भिंत ओलांडून बुरुडाच्या घरात गेली होती, आणि तिलाच आज पाळणा टांगला होता. पलीकडून पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं.

ती धावली, पण बुरुडाच्या उंबऱ्यावर तिचे पाय अडखळले. आत ठेकेदार मानाचा पाहुणा म्हणून फेटा बांधून बसला होता. आता बोललं, तर शुभकार्यात अभद्र बोलल्यासारखं होणार होतं. आणि भिंत पक्की असल्याचा शब्द कुणी दिला होता? तिनंच! आज तोंड उघडलं की जन्मभराचं नाव मातीत जाणार होतं. बारसं उरकल्यावर हळूच सांगावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

आत रीतीप्रमाणे बायकांनी वरवंट्याला टोपडं घालून आधी तो पाळण्यात निजवला होता. पाळण्याला झोका मिळाला. तुळई बारीकशी करकरली. गाण्याच्या नादात ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण कुंभारणीचा कान तो!

आत्या बाळाला घेऊन पाळण्याकडे वळली.

"थांबा!" कुंभारीण किंचाळली. "भिंत कच्ची आहे! बाहेर व्हा सगळे!"

गाणं तुटलं. बायका चिडल्या. "अगं, बाराव्या दिवशी काय हे अभद्र बोलणं?"

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "आक्का, तुम्हीच तर वाजवून घेतलंत की हो घर."

ती पुढं झाली, आत्याच्या हातातून बाळ हिसकावलं आणि अंगणात पळत सुटली.

"माझी पोर! धरा तिला!" बुरुडीण ओरडली. बाळासाठी अख्खं घर तिच्या मागं धावलं. ठेकेदारही बाहेर आला.

त्याच क्षणी मागं धाडकन आवाज झाला.

तुळई खाली आली होती, आणि तिच्यामागोमाग अर्धी भिंत. धूळ बसायला बराच वेळ लागला. पाळण्याच्या फळ्या झाल्या होत्या, आणि त्यांत टोपडं घातलेला वरवंटा दोन तुकडे होऊन पडला होता. ते बघून बुरुडिणीनं कुंभारणीच्या हातातलं बाळ घेऊन छातीशी धरलं.

ठेकेदार काढता पाय घेत होता. लोकांनी त्याला धरलं आणि पंचांपुढं उभं केलं. पंचांनी त्याच्याकडून सगळी ओळ पायापर्यंत उतरवून घेतली आणि नव्यानं बांधून घेतली.

कुंभारीण बुरुडाच्या घरच्यांपुढं हात जोडून रडली. "एक भिंत त्यानं खरी बांधली होती. बाकीच्या तुम्ही माझ्या शब्दावर खऱ्या मानल्यात. आव्याच्या कडेचं मडकं कच्चं राहतं, हे मला ठाऊक होतं रे, आणि तरी मी आत गेले नाही."

बुरुडिणीनं बाळ पुन्हा कुंभारणीच्या मांडीवर ठेवलं.

पुढच्या बाजारी एका गिऱ्हाइकानं तिच्याकडचं मडकं उचललं आणि सवयीनं, न वाजवताच, टोपलीत ठेवलं. कुंभारणीनं त्याचा हात धरला.

"थांब. आधी वाजव."

"आक्का, तुमी वाजवलंय न्हवं?"

"मी वाजवलंय म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "तूही वाजव."

तात्पर्य: विकणारा दाखवेल ती भिंत पक्कीच असते, घर पारखायचं तर त्यानं न दाखवलेली भिंत वाजवावी, आणि आपली पारख चुकली असेल तर भिंत पडायच्या आधी तसं ओरडून सांगावं.