तांबखिंडीची आडवी कवाडे

तांबखिंडीच्या चावडीला फरशी नाही. तिथे जमिनीवर वेशीच्या दरवाज्याची दोन सागवानी कवाडे आडवी टाकलेली आहेत, बाहेरची बाजू वर करून. आणि वेशीला दरवाजाच नाही. नुसती कमान आणि उंबऱ्यात दोन रिकाम्या खाचा. पाहुणे आले की गावातले म्हातारे दौलतनाना आधी बजावतात, "चपला काढा. आणि त्या ओरखड्यांवर बूड टेकायचं नाही, सांगून ठेवतो." मग पान जुळवत गोष्ट सांगायला लागतात.

फार मागे दोन राजांची लढाई जुंपली होती म्हणे. कशावरून, ते नानांनाही ठाऊक नाही. "राजांना कारण लागतं होय?"

गावचा वेसकर होता कोंडनाक. दिवेलागणीला वेस लावायची, उजाडताना उघडायची, हे त्याच्या घराण्याचे काम. वेस राखायची त्याने, पण त्याची वस्ती मात्र वेशीबाहेर! तशी रीतच होती. तो रात्रीचा वेशीच्या आत, पहाऱ्याच्या देवडीत राही, आणि बायको लखाई व धाकटी लेक साऊ बाहेरच्या झोपडीत.

एका सांजेला खिंडीत धूळ उठली. शत्रूचे स्वार आले. बाहेरची वस्ती जीव मुठीत घेऊन वेशीकडे धावत सुटली. "लाव दरवाजा!" हैबतराव पाटील ओरडले. कोंडनाक अडसर धरून तसाच उभा. "पाटील, माझी माणसं हायती." तेव्हा पाटलांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की आधी मोठा दरवाजा लाव, सगळ्यांना दिंडीतून आत घेऊ. दिंडी म्हणजे कवाडातले छोटे दार. माणूस वाकून आत येईल, घोडा येणार नाही. पाटलाच्या शपथेवर वेसकराने संशय घ्यायचा, हे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. कोंडनाकाने दरवाजा लावला. इथेच घात झाला.

अडसर पडला, आणि पाटील तलवार उपसून दिंडीसमोर उभे राहिले. माणसांमागून शत्रूही घुसेल म्हणाले. कोंडनाकाने त्यांचे पाय धरले, तर गड्यांनी त्यालाच आवळून धरले. पलीकडून लाकडावर तळवे आपटत होते. लखाई साऊला पोटाशी धरून त्याला नावाने हाका मारत होती. नवऱ्याचे नाव तिने जन्मात पहिल्यांदा घेतले, असे सांगतात. मग हाका थांबल्या, नुसते खरवडणे राहिले. मग तेही राहिले नाही. सकाळी दरवाजा उघडल्यावर काय दिसले, ते नाना सांगत नाहीत. तिथे ते पाणी पितात.

पुढे तह झाला. ज्याच्या घोड्यांनी वस्ती तुडवली, तोच आता आपला राजा. निशाण बदलले, शिक्का बदलला. हैबतराव नव्या दरबारात मुजरा घालून पाटीलकीची वस्त्रे परत घेऊन आले. "मेली आमची माणसं, आणि पागोटं मिळालं ह्याला! थू त्याच्या जिनगानीवर!" एवढ्या वर्षांनीही नानांचा आवाज चढतो.

नव्या सरकारचा कमाविसदार, म्हणजे वसुलीचा अंमलदार, गाव बघायला येणार होता. पाटलांनी गोंदा सुताराला सांगितले, दरवाज्यावर रंधा मार, तेल पाज, एक डाग दिसता कामा नये. गोंदाने रंधा लावला, तसा कोंडनाक आडवा आला आणि ओरखड्यांना पाठ लावून उभा राहिला. लखाईच्या बोटांची तेवढीच खूण जगात उरली होती, आणि तीही आता भुसा होऊन उडणार होती.

"आधी माझ्यावर फिरव," तो म्हणाला.

गोंदाचा हात चालेना. त्या सांजेच्या हाका त्यानेही घरात बसून ऐकल्या होत्या. साऱ्या गावाने ऐकल्या होत्या. त्याने रंधा ठेवला आणि पहार उचलली. दोघांनी मिळून कवाडे खाचांतून उपसली. मग गावातल्या एकेकाने मान खाली घालून खांदा दिला. ज्या चावडीची पायरी कोंडनाकाच्या माणसांना बंद होती, तिथे ती कवाडे नेऊन टाकली.

कमाविसदाराने विचारले, हा काय प्रकार?

"लखाई आत आली, सरकार," कोंडनाक म्हणाला. "उशीर झाला जरा."

कमाविसदाराने पाटलांना बसायला सांगितले. पाटील ओरखडे नसलेली जागा शोधत राहिले; बाकी सगळ्यांना सापडते, त्यांना ती काही सापडली नाही. त्यानंतर त्यांचा पाय पुन्हा चावडीला लागला नाही. वेस मात्र सरकारने उघडीच ठेवली. दया-माया काही नाही हो, उघडे गाव सरकारला सोयीचे! पण चावडीची पायरी त्या दिवसापासून कुणालाच बंद राहिली नाही. कुरकुर झाली, तोंडे वाकडी झाली, तरी राहिली नाही.

कोंडनाक स्वतः मात्र मरेपर्यंत पायरीखाली मातीतच बसला. कोणी वर बोलावले तर म्हणायचा, "दरवाजा लावला तो मी."

आजही तांबखिंडीत ग्रामसभा भरली, की सरपंच, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आधी वाकून त्या ओरखड्यांवर तळवा ठेवतो आणि वेशीकडे तोंड करून मोठ्याने विचारतो, "बाहेर कोणी आहे का?" मग सगळे गप्प बसून वाट बघतात. पोरेसुद्धा हलत नाहीत. अजून कुणी ओ दिलेली नाही.