पंधरा दिवसांचं तेल

"आणखी किती दिवस, बाबा? पाच महिने झाले!"

गोपजीपंत कारभारी दर्ग्याच्या ओट्यावर नीट टेकलेही नव्हते. जमालशा फकीर दिव्याची वात सारखी करत होता. त्यानं मान वर केली नाही.

पंतांना तेही खटकलं. हल्ली त्यांना सगळंच खटकायचं. दसऱ्याचं सोनं लुटून फौज कोंढाळगडाला वेढा घालायला गेली, आता फाल्गुन लागला, आणि गड आपला जिथल्या तिथं! दरबारात दोघं जरी कुजबुजले तरी पंतांना वाटायचं, आपल्यावरच बोलतायत. मग ते त्या दोघांची नावं ध्यानात ठेवायचे.

"कुठंतरी पाणी मुरतंय, बाबा. सेनापती मुद्दाम लांबवतोय. हा येसबा नाईक शिड्या लावायचं नावच काढत नाही. गडकऱ्याशी त्याचं आतून संधान असणार."

"पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? उघड आहे!"



पंतांनी कमरेचा खलिता सोडला आणि खालच्या आवाजात वाचला.

"'पंधरा रोजांत गड पडेल ऐशी आशा लावून स्वामींस फसविले, सबब येसबा नाईक यास बेड्या घालून आणावे.' महाराज म्हणतात, जमालशा हो म्हणाले तरच मोर्तब. तुम्ही नुसती मान हलवा. नवा सेनापती परवाच शिड्या लावील."

"माणसं किती जातील?"

"जातील थोडी... पण एकदाचं संपेल तरी!"

बाबानं कडुनिंबाच्या फांदीकडे बोट केलं. तिथं तेलाचा कातडी बुधला लटकत होता, सुकून पार वाकडा झालेला.

"गड पडेपर्यंत दिवा जळावा म्हणून तूच आणून दिला होतास."

"हो. मीच."

"सोळाव्या दिवशी रिकामा झाला."

पंतांनी झटकन दिव्याकडे पाहिलं. दिवा छान जळत होता.

"मग हे तेल कुणाचं? बाबा... येसबानं तर नाही पाठवलं?"

एवढं बोलून कारभारी चक्क हातभर मागे सरकले. ज्याची मान हलवून घ्यायला आले, त्याचाच त्यांना संशय!

तेवढ्यात एक म्हातारी पायऱ्या चढून आली. पदराखाली वाटी होती. तिनं दिव्यात तेल ओतलं.

"हिलाच विचार," बाबा म्हणाला.

"कोण गं तू?"

"भागाई, जी. ल्योक शिडीवाला हाय फौजंत." तिनं पंतांना ओळखलं नव्हतं. "निघायच्या आदी येसबा नाईक सोता दारी आलं हुतं. म्हनलं, गडावरची पान्याची टाकी वैशाखात आटत्यात, तवर गड पडायचा न्हाई. म्हनून मी वैशाखापतोर तेल घालायचं बोलले."

"हे त्यानं तुला सांगितलं? आणि दरबारात नाही?"

"सांगितलं की! पर तितं कुनी कारभारी हाय म्हनं, त्यो हसला. म्हनला, पंद्रा दिसांचं तर काम."

पंतांनी हातातला खलिता पाठीमागे लपवला.

"का वो?" म्हातारीचे डोळे एकदम लकाकले. "लवकर येनार हाईत व्हय प्वारं?"

पंतांनी मान दिव्याकडे वळवली. ती जरा वेळ थांबली, मग वाटी पदरानं पुसत पायऱ्या उतरून गेली.

पंत तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे डोळे बारीक करून बघत होते. खलित्यातलं ते पंधरा रोजांचं वाक्य त्यांनीच रचलं होतं, आणि लिहिता लिहिता त्यांना ते खरंही वाटायला लागलं होतं.

"बाबा... ही बाई पढवलेली तर नाही ना?"

बाबानं हात पुढे केला. पंतांनी नाइलाजानं खलिता दिला.

बाबानं दिव्याच्या काजळीत बोट बुडवलं. कागदावर एका ठिकाणी ठेवलं आणि येसबाचं नाव पार दिसेनासं होईतो घासलं. मग कागदाची घडी घालून तो पंतांच्या हातात दिला.

"बाकी मजकूर चोख आहे, पंत. जा, मोर्तब करून घे."