चिमाजीचे तीन दोरे

कोष्ट्यांच्या एका गावात चिमाजी नावाचा एक विणकर होता. हात कुशल, पण स्वभाव फार भिडस्त. समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायची, एवढंच त्याला जमायचं. त्यात गावाची एक रीत होती. आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या माणसानं एक तरी उपाय सांगितल्याशिवाय उठायचं नाही, आणि घरच्यांनी तो त्याच्या डोळ्यांदेखत करायचा. नाही केला तर पाहुण्याचा अपमान. ही रीत कोणी पाडली देव जाणे. तो माणूस स्वतः कधी आजारी पडला नसावा.

एकदा चिमाजीच्या बायकोला, तान्हूला, ढाळ लागले. पहाटेपासून पाच-सहा वेळा परसात जाऊन आली आणि सकाळी अंथरुणाला लागली. चिमाजीनं माग थांबवला आणि तिच्या उशाशी बसला.

"अहो, पाणी द्या," तान्हू म्हणाली. चिमाजीनं तांब्याला हात घातला, तोच समाचाराला पहिला माणूस दारात उभा.

ते गावचे पाटील. "हातपाय गार पडल्यात. घोंगडी घाल," ते म्हणाले. चिमाजीनं घोंगडी घातली. पाटील गेले आणि गुरव आले. "जीव घुसमटंल की तिचा. काढ ती घोंगडी." चिमाजीनं काढली. मग शेजारच्या तेलीणकाकू आल्या. तान्हूच्या ओठांशी नेलेलं फुलपात्र त्यांनी काढून घेतलं. "पाणी दिलं की ढाळ वाढत्यात. थेंब देऊ नगंस." चिमाजीनं पाणी मोरीत ओतलं. शेवटी शिंपीमामा आले, पोट साफ झालं पाहिजे म्हणाले आणि एरंडेल पाजून गेले. त्यानंतर ढाळ वाढले, हे सांगायला नकोच.

तान्हूनं पुन्हा पाणी मागितलं. चिमाजीनं ओसरीवर जमलेल्यांना विचारलं, "द्यावं का?" दोघं व्हय म्हणाले, तिघं न्हाई म्हणाले.

दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात नुसता गुंता झाला. घोंगडी आता घालायची की काढायची? पाणी पाजलं होतं, की नुसतंच ओतून दिलं होतं? मघाशी ती परसात जाऊन आली ती कितव्यांदा? हजार धाग्यांतला एक तुटला तर ज्याच्या बोटांना कळायचा, त्याला समोरच्या माणसाचं काही कळेना. तान्हूचे डोळे खोल गेले होते. आता ती पाणी मागतही नव्हती. चिमाजी घाबरला, आणि घाबरला म्हणूनच आणखी कोणी येतंय का ते बघत दाराकडे तोंड करून बसला.

आली ती गावची सुईण, गिरजाक्का. तिनं आल्याबरोबर उपाय सांगितला नाही. हात धुतले, तान्हूजवळ बसली, तिची जीभ बघितली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी पडली ती लवकर मोडेना.

"सकाळपास्नं हिच्या पोटात पाणी किती गेलं?"

"आक्का, पाटील म्हणालं की..."

"पाटलांचं न्हाई इचारत. हिच्या पोटात किती गेलं?"

चिमाजीनं मोरीकडे बघितलं.

"ढाळ किती झालं? लघवी कवा झाली?"

चिमाजीनं बोटं मोजली, पण आकडा जुळेना.

"मागावर ताण्यातला धागा तुटला तर काय करतोस? दारात बसून गावाला इचारतोस?"

"न्हाई. हात लावून बघतो."

"मग हिला बघ."

तिनं उकळून निवलेलं पाणी आणि मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज द्यायला सांगितली. एकदम नाही, घोट घोट, थांबून थांबून. मग त्याच्याच मागावरचे तीन दोरे मागितले. पांढऱ्यावर घोटाची गाठ, तांबड्यावर ढाळाची, निळ्यावर लघवीची.

"उन्हं कलायच्या आत निळ्यावर गाठ पडली पायजे. न्हाई पडली, न्हाईतर ही गुंगीत गेली, तर गाडी जुंप आणि तालुक्याच्या वैद्याकडं ने. वाटंतबी पाजत ऱ्हा." एवढं बोलून ती वाट बघणाऱ्या बाळंतिणीकडे गेली.

चिमाजीनं शेजाऱ्याला बैल तयार ठेवायला सांगितले. पांढऱ्या दोऱ्यावर गाठी पडू लागल्या. इतक्यात पाटील पुन्हा आले. "काकू नगं म्हणत असताना पाणी पाजतोस? आन् घोंगडी कुठं हाय?"

पुन्हा सगळा गोंधळ चिमाजीच्या डोक्यात उभा राहिला. सवयीनं मान डोलवणार, तेवढ्यात त्यानं तान्हूकडे बघितलं. ती सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत होती.

"पाटील, बसा," तो म्हणाला. "पर आता घोटाची येळ झालीया." त्यानं घोट पाजला आणि गाठ मारली. पाटील न बसता निघून गेले. चिमाजीला वाईट वाटलं, पण तो उशापासून हलला नाही.

उन्हं कलू लागली. निळा दोरा कोराच होता. चिमाजी गाडी जुंपायला उठणार, तोच तान्हूनं त्याचा हात धरला. तिला परसात जायचं होतं. परत येऊन ती भिंतीला टेकून बसली, आणि चिमाजीनं निळ्या दोऱ्यावर पहिली गाठ मारली.

तान्हू त्याच्याकडे बघत होती. "सकाळपास्नं पाणीच मागत हुते की मी," ती म्हणाली.

चिमाजीनं फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं.

चार दिवसांत तान्हू हिंडू-फिरू लागली. पुढे पाटलांच्याच घरी आजारपण आलं, तेव्हा चिमाजी समाचाराला गेला. रीतीप्रमाणे सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. त्यानं उपाय सांगितला नाही. खिशातून तीन कोरे दोरे काढून उशाशी ठेवले.

तात्पर्य: आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानं दाराकडे नव्हे, आजाऱ्याकडे बघावं, त्याला काय हवं आणि त्याच्या अंगात काय चाललंय, हे आधी त्याच्याकडूनच जाणून घ्यावं.